बिनीचे निशाण

इंदूरच्या छत्रीबागेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना छत्री या शब्दाने पावसाळा आठवत नाही. आम्हां मुलांच्या लेखी छत्री म्हणजे होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेली दगडी वास्तू. तिच्या सावलीत आम्ही विटीदांडू खेळलो, परीक्षांचा अभ्यास केला आणि व्यंकटेशाच्या रथयात्रेची वाट पाहिली. पुढे इतिहास वाचू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ज्या घराण्याच्या नावे येथे एवढा दगड उभा राहिला, त्याच्या आरंभीच्या कर्त्या पुरुषांचे आयुष्य मात्र कापडाखाली, तंबू-राहुट्यांत गेले. सुभेदार मल्हारराव होळकर १७६६ साली आलमपूर येथे वारले, ते स्वारीवर असतानाच. अहिल्याबाईंनी महेश्वरास बसवलेली घडी सोडली, तर १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी होईपर्यंत होळकरी दौलतीचे ठिकाण बव्हंशी लष्कराचा तळ जेथे पडेल तेथेच असे.

हे सारे नव्याने आठवण्याचे निमित्त मात्र वेगळेच घडले. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर एक इच्छा बोलून दाखवली. फ्रान्समधील ल माँ या गावी दरवर्षी जून महिन्यात चोवीस तासांची मोटारशर्यत होते. ती पाहावयास जायचे, आणि हॉटेलात न उतरता शर्यतीच्या मैदानालगत तंबू ठोकून राहायचे. त्यांचा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याने आनंदाने होकार दिला व आखणीचे काम माझ्यावर सोपवले. "काका, तुम्ही सिंहस्थाचे तळ आखलेत. चौघांचा एक तंबू तुम्हांला काय जड?" असे त्याचे म्हणणे.

दादांच्या इच्छेचे मूळ १९६८ सालात आहे. त्या वर्षी लंडन ते सिडनी अशी मोटारींची एक प्रचंड स्पर्धा झाली. लंडनचे 'डेली एक्सप्रेस' आणि सिडनीचे 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रांनी ती भरवली होती. २४ नोव्हेंबर रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथून ९८ मोटारी निघाल्या. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल असे टप्पे घेत त्यांना दिल्लीमार्गे मुंबई गाठायची होती. तेथून 'चुसान' नावाच्या बोटीने त्या ऑस्ट्रेलियाला जाणार होत्या. दिल्ली-मुंबई हा टप्पा आग्रा व इंदूरवरून होता. याचा अर्थ असा, की जगातले नामांकित मोटारहाके आमच्या आग्रा-मुंबई रस्त्यावरून जाणार होते.

दादा तेव्हा अठरा वर्षांचे होते. सायकल घेऊन ते होळकर महाविद्यालयासमोर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी दहा वर्षांचा. अंगावर कांजिण्या, म्हणून आईने उंबरा ओलांडू दिला नाही. "पुढच्या वेळी तुला नेईन," असे सांगून दादा गेले. रात्री धुळीने माखून परतल्यावर त्यांनी माझ्या गणिताच्या वहीत पेन्सिलीने मोटारी काढून दाखवल्या: टपावर बांधलेली जादा चाके, तोंडाशी लोखंडी जाळी आणि पुढे ओळीने दिवेच दिवे. त्या दिव्यांचे त्यांनी जे वर्णन केले, ते मला अजून पाठ आहे. मोटार दिसण्याआधी झाडांच्या शेंड्यांवर उजेड येई, मग आवाज आणि मग मोटार.

मुंबईस ७२ मोटारी पोहोचल्या आणि सिडनीपर्यंत ५६. शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या ल्युसियँ बियाँकी यांच्या सित्रोएनला अपघात झाला व अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर ही साधी, घरगुती वापराची मोटार पहिली आली. दादांना या निकालाचे फार अप्रूप. वेगवान ते जिंकतात असे नाही, टिकतात ते जिंकतात, हे त्यांचे आवडते वाक्य तेव्हापासूनचे. 'पुढची वेळ' मात्र आली नाही. आईवडिलांची आजारपणे, बहिणींची लग्ने, मुलांची शिक्षणे यांत दादांची उमेदीची वर्षे गेली. आता त्यांना काचबिंदू झाला आहे. या व्याधीत दृष्टी कडांकडून आकसत येते आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. औषधाने उरलेली राखता येते, एवढेच. "मधोमध अजून स्वच्छ दिसतं," ते म्हणाले. "मोटार मधोमध आणण्याचं काम तुमचं."

शर्यती अनेक देशांत होतात; मग ल माँच का? ती शर्यत मुळातच वेगाइतकीच टिकाऊपणाची परीक्षा म्हणून सुरू झाली. मोटारशर्यतीच्या इतिहासात या गावाचे स्थान जुने आहे. 'ग्राँ प्री' हे नाव धारण करणारी फ्रेंच मोटारसंघाची पहिली शर्यत १९०६ च्या जून महिन्यात याच परिसरात झाली व रेनो मोटार हाकणारे फेरेन्क सिस हे ती जिंकले. १९०८ च्या ऑगस्टमध्ये विल्बर राइट यांनी युरोपातले आपले पहिले जाहीर उड्डाण केले, तेही येथल्याच एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. चोवीस तासांची पहिली शर्यत २६ व २७ मे १९२३ रोजी झाली. त्या काळी मोटारीचे दिवे भरवशाचे नसत. अंधारात, पावसात, सतत चोवीस तास मोटार चालते का, याची कसोटी पाहावी हा हेतू होता. पहिल्याच वर्षी गारांसह पाऊस कोसळला आणि कसोटी मनासारखी झाली. लागाश व लेओनार या जोडीने शनार-वाल्कर मोटारीत ती जिंकली.

आजही शर्यतीचा मार्ग पूर्णतः बंदिस्त नाही. सुमारे साडेतेरा किलोमीटरांच्या या मार्गाचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रहदारीचा रस्ता असतो. शर्यतीपुरता तो बंद करतात. शनिवारी दुपारी चारला शर्यत सुटते व रविवारी दुपारी चारला संपते. एकेका मोटारीवर तीन चालक पाळीपाळीने बसतात. भारतीयांपुरते सांगायचे तर चेन्नईचे करुण चंडोक हे २०१२ साली या शर्यतीत उतरणारे पहिले भारतीय; त्यांच्या चमूने एकूण सहावा क्रमांक मिळवला.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि आखणी करणाऱ्याने ती विसरू नये. ११ जून १९५५ रोजी पिएर लव्हेग यांची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे थेट प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे दगावली, स्वतः लव्हेगही गेले. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली, आणि प्रेक्षक व मार्ग यांतील अंतराचा विचार सर्वत्र नव्याने झाला. आज तेथे भक्कम कठडे आणि जाळ्या आहेत. तरी कोठे उभे राहावे हा प्रश्न शर्यतीत दुय्यम नसतो, हे त्या दिवसाने शिकवले.

आता तंबूविषयी. शर्यतीच्या सुमारास त्या गावात लाखोंची गर्दी लोटते आणि तिच्यातले असंख्य लोक मैदानाभोवतीच्या आखीव तळांवर राहतात. मेझाँ ब्लाँश, तेर्त्र रूज, आर्नाज अशी या तळांची नावे. बहुतेक नावे शर्यतीच्या मार्गावरील वळणांचीच. पुतण्याने पाठवलेला नकाशा मी टेबलावर पसरला, तेव्हा परकेपणा वाटला नाही. हा तर लष्कराचा तळ, असेच मनात आले.

मुक्काम करणे ही आपल्याकडे एके काळी पूर्ण विकसित विद्या होती. मराठी फौजेत 'बिनी' म्हणजे आघाडीची तुकडी. तिच्या प्रमुखाला बिनीवाले म्हणत. हे पद पुढे आडनाव होऊन राहिले. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यात फिरत होता. त्याने तेथून लिहिलेली पत्रे १८१३ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यांत बिनीवाल्याचे काम तपशिलाने येते. तो फौजेच्या पुढे जाई, जागा पाही आणि जेथे महाराजांचे डेरे पडायचे तेथे एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मागाहून येणारे बाजार त्या निशाणाच्या अनुरोधाने आपापले झेंडे लावीत. मुक्काम रोज बदलला तरी तळाची रचना बदलत नसे. त्यामुळे हजारोंच्या त्या फिरत्या नगरात रात्री उशिरा आलेला शिपाईही विचारपूस न करता आपल्या बिऱ्हाडी पोहोचे. मोगलांकडेही अशीच तजवीज होती. बादशाही तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असे, तेव्हा दुसरा पुढच्या मजलेवर उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. इंग्रजी अमदानीत हिवाळी दौऱ्यावर निघणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांनी हीच दोन संचांची पद्धत उचलली.

या विद्येचा दुसरा धडा पानिपताने दिला. १७६० च्या मोहिमेत लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले व बाजारबुणगे यांचे लटांबर होते. जडजवाहीर, कबिले आणि बुणगे मागे सुरक्षित ठेवावे व सड्या फौजेने गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला मल्हाररावांनी सदाशिवरावभाऊंना दिल्याची परंपरा सांगतात. तो मानला गेला नाही. पुढे अब्दालीने रसद तोडली आणि त्या अवाढव्य तळाचे ओझे त्याच्याच अंगावर आले. पानिपताची कारणे अनेक आहेत आणि त्यांवरचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पण ज्याचे बुणगे मोठे त्याचा मुक्काम अवघड, एवढे तरी निर्विवाद.

राज्ये गेली, फौजा मोडल्या. पण ही विद्या बुडाली नाही. ती वारीत गेली. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे व तंबू दिले. दिंड्यांचे ठरलेले क्रम, चोपदाराचा दंड वर होताच पसरणारी शांतता, पालखीतळाची रचना या सर्वांत लष्करी रिवाजाचा ठसा स्पष्ट दिसतो. आजही दिंडीचा मालमोटार पुढे जातो, राहुट्या ठोकून ठेवतो आणि चालून आलेल्या वारकऱ्याला आपली राहुटी शोधावी लागत नाही. बिनीवाल्याचे काम आता मालमोटारवाला करतो, इतकाच फरक.

माझा स्वतःचा अनुभव उज्जैनच्या सिंहस्थाचा. २००४ आणि २०१६ अशा दोन पर्वांत तळाच्या आखणीचे काही काम माझ्याकडे होते. कागदावर चौकोन पाडणे सोपे असते; पाणी मात्र कागदाचे ऐकत नाही. ५ मे २०१६ रोजी ऐन उन्हाळ्यात वादळी पाऊस आला, मंडप कोसळले आणि माणसे दगावली. त्या संध्याकाळी मी गुडघाभर चिखलात उभा होतो. माझ्या वाट्याच्या भागातील एक चर मी सपाट जागेच्या मोहाने बुजवू दिला होता. तेथे कोणाला इजा झाली नाही, हे केवळ दैव. पण त्या चरातून जाणारे पाणी शे-सव्वाशे यात्रेकरूंच्या अंथरुणांवरून गेले. तेव्हापासून तंबूची जागा पाहताना मी आधी पाण्याची वाट पाहतो, मग देखावा.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की दादांच्या सहलीची आखणी मी या जुन्या धड्यांवरूनच केली. पहिला धडा बिनीचा. पुतण्या मोटारीने स्टुटगार्टहून बुधवारीच निघेल. अंतर आठशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे १९६८ च्या त्या मोटारींना दिल्लीहून इंदूर जितके पडले, साधारण तितकेच. तो तंबू ठोकून ठेवील. दादा, वहिनी व मी विमानाने पॅरिसला उतरून आगगाडीने तासाभरात ल माँ गाठू. स्थानकावरून शर्यतीच्या मैदानापर्यंत ट्राम जाते. तळावरची जागा मात्र कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते, कारण ती संपते.

दुसरा धडा बुणग्यांचा. वहिनींनी केलेल्या पहिल्या यादीत पंचवीस जिन्नस होते, त्यांत पाटा-वरवंटाही आहे की काय अशी मला शंका आली. ती यादी आम्ही नऊवर आणली. स्वयंपाकाच्या गॅसची डबी विमानात चालत नाही. शेगडी पुतण्या आणील. दूध व मांस यांचे पदार्थ भारतातून तिकडे नेण्यास बंदी आहे, तेव्हा पेढे, श्रीखंड आणि घरचे तूप बाद झाले. भाजणी, मेतकूट आणि इंदुरी शेव एवढे राहिले. दादांची डोळ्यांत घालायची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवायची. एक पिशवी हरवली तरी दुसरी असावी. जूनमध्ये तेथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण पहाटे थंडी असते आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून लोकरीचे कपडे वगळले नाहीत.

तिसरा धडा पाण्याचा. नकाशावर मार्गाला अगदी चिकटून एक जागा होती. पुतण्याला ती फार आवडली. पण तेथे उतार तंबूच्या दाराकडे होता आणि स्वच्छतागृह दूर. थोडी मागची, किंचित उंच आणि नळाजवळची जागा मी सुचवली. तेथून मोटारी दिसणार नाहीत. आवाज मात्र रात्रभर येईल. शर्यत पाहण्यासाठी दादांनी चालत कठड्यापर्यंत यावे, आणि तेही जेथे मोटारी वळणासाठी वेग कमी करतात तेथे. सरळ रस्त्यावर मोटार डोळ्यांच्या कडेने येते व कडेने जाते. त्या कडाच दादांना उरलेल्या नाहीत. वळणावर ती क्षणभर समोर येते.

कागदपत्रांचेही थोडे सांगतो. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिने ते पंधरा दिवस या काळात अर्ज करावा लागतो आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. अर्जात मुक्कामाचा पत्ता मागतात. तेथे तंबूचा भूखंड क्रमांक लिहिताना माझ्यातला जुना अधिकारी सुखावला. सरकारी अर्जावर 'मुक्काम' या शब्दाखाली खरोखरीचा मुक्काम लिहिण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

हे सर्व ठरल्यावरही माझ्या मनातील धाकधूक गेली नव्हती. वहिनींचा प्रश्न साधा होता: "रात्री यांना उठावं लागतं. परक्या मुलखात, अंधारात, एकसारख्या दिसणाऱ्या हजार तंबूंतून हे आपला तंबू शोधणार कसा?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. काचबिंदूच्या माणसाला अंधारात फारच कमी दिसते आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी उठवणे दादांच्या स्वभावात नाही. दोन दिवस मी सहल रद्द करण्याच्या विचारात होतो. मुलाकडे जावे, दूरचित्रवाणीवर शर्यत पाहावी आणि परतावे, असे दादांना सांगायचेही ठरवले होते.

उत्तर ब्रॉटनच्या पत्रांत सापडले. शिंद्यांच्या तळावर उशिरा येणाऱ्या शिपायाला जे उपयोगी पडे, ते दादांनाही पडेल. तंबूवर उंच काठीला पांढरे निशाण आणि त्याच्या खाली एक दिवा. नळापासून तंबूच्या दारापर्यंत, उजव्या हाताला राहील अशी, कमरेच्या उंचीवर पांढरी दोरी, मध्ये एकही वळण नाही. एवढ्यासाठी शेजारच्यांची संमती पुतण्या आदल्या दिवशी मागून घेईल. बिनीवाल्याचे ते कामच असते.

मी हे दादांना सांगितले, तेव्हा आम्ही छत्रीबागेत संध्याकाळचा फेरा घालत होतो. अंधारू लागले होते. त्यांनी माझा हात धरला नव्हता; छत्रीच्या ओट्याच्या कडेला बोटे लावून ते चालत होते. निशाणाची उंची किती ठेवायची, एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, "तुम्ही सांगाल तितकी."

"मग उंच ठेव," ते म्हणाले. "आणि कठड्यापाशी तू माझ्या पुढे उभा राहा. तुला नेईन म्हणून सांगितलं होतं मी."